खिडक्यांची राखण

सुरुवातीलाच माफी मागून घेते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट कळलं नाही, आणि अक्षर असं आहे की किराण्याची यादी लिहून दिली तर दुकानदार ती मलाच वाचायला लावतो. हे कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. पण खिडक्यांचं जे झालं ते एकदा सांगून टाकावंसं वाटतं, आणि कागद मध्येच तोंड घालत नाही. कोणाच्या हाती पडलंच, तर चुका सांभाळून घ्या.

मी बांधकामावर रेजा, म्हणजे बाई मजूर, म्हणून जाते. लग्न होऊन अमरावतीला आले तेव्हापासून घमेलं डोक्यावर आहे. नवरा बाजार समितीत हमाली करतो. माझी मोठी जाऊ कामावर माझ्याबरोबर असते. ती बोलते आणि मी काम करते असं लोक म्हणतात. खरं तर ती दोन्ही करते.

इथे विद्यापीठाच्या ताब्यात एक जुनी दगडी इमारत आहे. काळा दगड, विटांच्या कमानी, वरच्या मजल्यावर उंच सागवानी खिडक्या, आणि एकेका खिडकीत काचेचे बारके चौकोन. तिची दुरुस्ती निघाली तेव्हा आमच्या ठेकेदाराने आम्हाला तिथे नेलं. मागे कधीतरी कोणी दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरलं होतं. त्यामुळे भिंतीतलं पाणी आतच अडकायचं आणि दगडाचे पापुद्रे निघायचे. ते सिमेंट बारीक छिन्नीने काढायचं आणि चुन्याने नव्या दरजा भरायच्या, असं काम होतं. त्यासाठी बाळापूरचे एक म्हातारे मिस्त्री आले होते. सगळे त्यांना चाचा म्हणायचे.

चाचांनी पहिल्याच दिवशी आम्हाला सिमेंटची सवय विसरायला लावली. "घाई नका करू बेटा. चुना म्हंजे सासू हाय. लवकर मानत नाई, पन एकदा मानली का सोडत नाई."

जाऊ म्हणाली, "मंग आमची अजून ओलीच हाय, चाचा."

मी तोंडाला पदर लावून हसले, कारण सासू आमची दोघींची एकच.

चुन्यात विटेची पूड घालायची, गुळाचं पाणी घालायचं, आणि भरलेल्या दरजेवर ओलं बारदान टांगून ठेवायचं. ऊन लागलं की चुना तडकतो. होळी होऊन गेली होती आणि अमरावतीचं ऊन तुम्हाला माहीत आहे. दिवसभर आम्ही बारदानांवर पाणी मारत फिरायचो. मला ते काम आवडलं. सिमेंटच्या कामात रेजाला कोणी काही शिकवत नाही. इथे चाचा आमच्या हातात थापी द्यायचे आणि बाजूला उभे राहायचे.

खिडक्यांचं काम एका काचवाल्याकडे होतं. तो जुना रंग खरवडायचा, सुकलेली लांबी काढायचा, जुन्या काचा धुऊन परत बसवायचा. काच लाकडात पक्की बसावी म्हणून कडेने जे मळलेलं पीठ भरतात, ती लांबी. दुपारच्या सुट्टीत मी त्याच्याजवळ जाऊन बसायचे. बोलायचे नाही, नुसती पाहायचे. पुढे पुढे तो मला खरवडायला पत्रा द्यायला लागला. आणि एके दिवशी तो आलाच नाही. पुण्याला फ्लॅटच्या कामावर गेला, अॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवायला.

ठेकेदार अंगणात उभा राहून फोनवर फोन लावत होता. नागपूरचा एक जण फार पैसे मागत होता. मी जावेला हळूच म्हटलं, "हे काम मले येते."

जाऊ मोठ्याने ओरडली, "भाऊ! हे करते म्हनते खिडक्या!"

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ठेकेदाराने माझ्याकडे पाहिलं. "कोन, हे? हिचा आवाज तरी ऐकला का कोनं?"

"खिडकीले कुठं बोला लागते, भाऊ?" जाऊ म्हणाली.

कामाची पाहणी करायला पुण्याहून एक आर्किटेक्ट मॅडम यायच्या. त्यांनी मला एका चौकोनातली लांबी काढून दाखवायला सांगितली. मी काच न तडकवता ती काढली. मॅडम म्हणाल्या, करू द्या. ठेकेदाराने अट घातली: तेल, खडूची पूड, फुटलेल्या काचांच्या जागी नव्या काचा, हाताखालच्या बाईची मजुरी, सगळं माझं. खिडकी पास झाली की पैसे. माझ्या नावाने घेतलेलं ते पहिलं काम. पण सामान आणायला हातात पैसे नव्हते.

माझी थोरली बहीण अकोल्याला जठारपेठेत फुलं विकते. नवरा वारल्यापासून ती एकटीच आहे, आणि ती आणि मी एका आईच्या पोटच्या आहोत यावर कोणाचा विश्वास बसत नाही. रविवारी एसटीने तिच्याकडे गेले. ती हार ओवत होती. मी सगळं सांगितलं. तिने दोरा दाताने तोडला.

"तुले तोंड उघडता येत नाई, अन ठेका घेऊन राहिली?"

"ठेक्याले तोंड कायले लागते, ताई?"

"ठेक्याले नाई लागत. वसुलीले लागते."

तरी तिने पैसे काढून दिले. ते कसले पैसे आहेत हे मला माहीत होतं. दसऱ्याच्या आधी ती झेंडूवाल्या शेतकऱ्यांना बयाणा देते. तो दिला नाही तर दुसरे फुलवाले माल उचलतात. दसरा आणि दिवाळी, या दोन सणांवर तिचं अख्खं वर्ष चालतं.

"हे माह्या झेंडूचे हायेत," तिने मला तरी ऐकवलं. "पोळ्याले परत पाह्यजे. बहीन म्हनून देऊन राहिलो, पन बहीन म्हनून सोडनार नाई."

मी नोटा पोलक्यात ठेवल्या आणि एसटीत अमरावतीपर्यंत हात छातीवरून काढला नाही.

आता जी चूक झाली ती सांगते. मॅडमनी सांगितलं होतं की लांबीसाठी रंगाच्या दुकानातलं, डब्यातलं, उकळलेलं जवसाचं तेल आणा. मी दुकानात गेले. डबा उघडून वास घेतला तर जवसाचा वास कमी आणि रॉकेलसारखा काहीतरी जास्त. आम्ही जवस खाऊन वाढलेल्या बायका. भाकरीवर जवसाची चटणी आणि वरून कच्च्या तेलाची धार, हे आमचं रोजचं खाणं. जावेनेही बोट बुडवून चाटलं आणि थुंकली.

"भेसळ हाय," ती म्हणाली. "पुन्याच्या मॅडमले जवस कुठं माईत? आपन घानीवरचं आनू."

घाणीवरचं तेल महाग पडलं. पण एवढ्या जुन्या इमारतीला लावायचं, तर चांगलंच लावावं असं मला वाटलं. ताज्या घाण्याचं, पिवळंधमक, खायचं तेल आम्ही आणलं. खडूची पूड चाळून घेतली आणि भाकरीच्या पिठासारखी मळली. हाताला अशी मऊ लागायची की सोडवत नव्हती. जाऊ म्हणायची, "आता तवा ठेवा फक्त."

लाकडाला आधी तेलाचा हात द्यायचा, मग लांबीची बारीक वळी, त्यावर काच, बारीक खिळे, आणि बाहेरून पुन्हा लांबी भरून पत्र्याने उतरती कड ओढायची. कड एका ओढीत सरळ यायला मला बरेच दिवस लागले. आली, तेव्हा मी शिडीवरच थोडा वेळ बसून राहिले. पूर्वेची सगळी बाजू झाली. जुन्या काचा थोड्या लहरदार आहेत. त्यांतून समोरचं कडुलिंबाचं झाड पाण्यात दिसावं तसं दिसायचं. लांबीवर साय धरायची वाट पाहायची आणि मग रंग द्यायचा, एवढंच राहिलं होतं.

रविवारच्या सुट्टीनंतर कामावर आलो तर खाली काच पडलेली. वर पाहिलं तर कडुलिंबाची फांदी ज्या खिडकीशी येते तिथे एक खार बसली होती. दोन्ही हातांत लांबीचा तुकडा धरून ती खात होती. पलीकडच्या खिडकीवर साळुंक्या होत्या. त्यांचं तर पोट भरलेलं दिसत होतं, नुसत्या भांडत होत्या. मी शिडी लावून वर गेले. कडा कुरतडलेल्या, कोपरे रिकामे, काचा हाताने हलत होत्या. पूर्वेची एकही खिडकी सुटली नव्हती.

ठेकेदार आला आणि हसायलाच लागला. "कावून वं? खारीची पंगत बसवली का?"

मी शिडीवरच एक हलती काच हाताने धरून होते.

"अन काय वाढलं?" त्याने जावेला विचारलं.

"घानीचं तेल," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला होता.

"म्हंजे तुपातली पंगत!"

मॅडम दोन दिवसांनी आल्या. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी नीट सांगितलं. उकळलेलं तेल लवकर धरतं. खायचं कच्चं तेल महिना महिना ओलं राहतं, त्याला खाण्याचा वास येतो आणि पाखरं सोडत नाहीत. उकळलेल्या तेलाची लांबीही सुरुवातीला खातातच, पण तिला साय लवकर धरते. हे सगळं काढून पुन्हा भरावं लागेल. डब्यातलं तेल आणा म्हणाल्या त्याच दिवशी मॅडमनी हे सांगितलं होतं का, ते मला आठवेना. सांगितलं असेलही. आम्ही डबा चाटून शहाण्या झालो होतो.

ठेकेदार म्हणाला, "मॅडम, मी नागपूरवाल्याले बोलावतो. या बाईचा हिशोब इथंच बंद."

हिशोब बंद म्हणजे ताईचे पैसे बुडाले. काचा, तेल, जावेची मजुरी, सगळं गेलेलं होतं आणि पास झालेली खिडकी एकही नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर ताईच्या फुलांच्या टोपल्या नाचायला लागल्या. आणि मग मीच बोलले, जावेकडून नाही.

"मी करून देतो. पुन्ना. माह्या खर्चानं."

आवाज एवढा लहान होता की मॅडमनी मला परत म्हणायला लावलं. परत म्हटलं.

"पैसे कुठून आननार?" ठेकेदार म्हणाला.

"दरजांची मजुरी हाय ना माही."

असं ठरलं. दिवसभर मी आणि जाऊ चाचांच्या हाताखाली दरजा भरायच्या, ती मजुरी घ्यायची, आणि सकाळी काम सुरू होण्याआधी व दुपारच्या सुट्टीत खिडक्या करायच्या. जावेने स्वतःची खिडक्यांची मजुरी मागितली नाही. "बोट मीबी बुडवलं होतं," एवढंच म्हणाली. मजुरीतून डब्यातलं तेल आणलं. त्याचा वास अजूनही मला आवडत नाही.

खराब लांबी काढणं भरण्यापेक्षा कठीण होतं. ती ना ओली ना वाळलेली, पत्र्याला चिकटायची. काढलेले गोळे खाली टाकले की खारी तिथेही यायच्या. चाचा भिंतीवरून म्हणायचे, "बेटा, आता तुह्या घरापर्यंत येतात ह्या. ओळख झाली."

नवीन भरली त्या खिडक्यांकडेही पाखरं वळलीच. त्यांना पत्ता पाठ झाला होता. तेव्हा जावेने उपाय काढला. लांबीत तिखट घालायचं. घरातला मिरचीपुडीचा डबा तिने पदराखाली आणला. आम्ही दोन खिडक्यांना लाल लांबी भरली, हातांची आग आग झाली. दुसऱ्या दिवशी खार आली, तोंड लावलं, अंगावर वीज पडल्यासारखी पळाली. जाऊ टाळ्या वाजवून नाचली. दुपारी पोपट आले. कधी नव्हे ते पोपट, थवाच्या थवा, आणि त्यांनी दोन्ही खिडक्या साफ केल्या.

चाचा थापी ठेवून पोट धरून हसले. "पोपटाले मिरची! अवो, पाहुन्याले आवडीचं वाढलं तुमी!"

त्या दिवशी मी रडले. मिरचीच्या हाताने डोळे पुसले आणि मग खरंच रडले. जाऊ मला नळावर घेऊन गेली आणि डोळ्यांवर पाणी मारत राहिली. तिथेच दरजांवर टांगलेली बारदानं होती, आणि पाणी डोळ्यांतून गळत असताना मी त्यांच्याकडेच पाहत होते. चुन्याला ऊन लागू नये म्हणून आपण झाकतो. मग खिडकीला पाखरू लागू नये म्हणून का झाकू नये? साय धरून रंगाचा हात बसेपर्यंतच तर सांभाळायचं.

नवऱ्याला सांगितलं. बाजार समितीत फाटकी पोती पडलेली असतात. तो सुट्टी झाल्यावर ती विचारून आणायला लागला. तो म्हणाला, "लोकाच्या बायका साड्या मांगतात." पण पोती झटकून, घड्या घालून आणायचा. आम्ही दाभणाने आणि सुतळीने ती खिडकीच्या मापाने शिवली. सासूसुद्धा शिवायला बसली, आणि प्रत्येक टाक्याला आम्हाला एक टोमणा दिला. भरलेल्या खिडकीला बाहेरून पोतं लावायचं, कडा पट्टीने दाबायच्या, तेलाला हवा लागावी म्हणून खालून बोटभर मोकळं ठेवायचं. पाखरं येऊन पोत्यावर बसायची आणि जायची. एकही कड कुरतडली गेली नाही.

काम पुढे सरकायला लागलं. पूर्व झाली, उत्तर झाली. आता समोरची बाजू. अख्खी इमारत पोती नेसून उभी राहिली. कॉलेजची पोरं फोटो काढायची. एक जण म्हणाला, "इमारत हाय का तुरीचं गोदाम?" मी खाली पाहून काम करत राहिले.

समोरच्या खिडक्या नुकत्या भरल्या होत्या आणि विद्यापीठातले एक साहेब आले. अंगणात कार्यक्रम होणार होता, बाहेरचे पाहुणे येणार होते. ठेकेदार त्यांच्या मागे होताच.

"ही पोती काढा," साहेब म्हणाले. "समोरून फार वाईट दिसतं."

ठेकेदाराने मजुराला शिडीकडे पाठवलं. मी शिडीजवळच होते. मी शिडीच्या पहिल्या पायरीवर बसले. ठरवून बसले नाही. मजूर थांबला.

"उठ वं," ठेकेदार म्हणाला.

"साहेब, लांबी ओली हाय," मी म्हटलं. साहेबांच्या बुटांकडे पाहून म्हटलं. "पोतं काढलं का पाखरं खातात."

"एका दिवसात काय होणार आहे?"

"पूर्वेची एकाच सुट्टीत गेली, साहेब."

साहेब वाईट नव्हते. त्यांच्याही वर कोणीतरी असेल. ते म्हणाले, "अहो, पण पाहुण्यांसमोर पोती कशी ठेवणार?"

माझं माहेर शेताजवळचं. ज्वारी हुरड्यात आली की मी आणि ताई मचाणावर बसून पाखरं हाकलायचो. मी म्हटलं, "त्या दिवशीपुरती काढतो. पन आमी दोघी आत बसतो. राखन करतो."

साहेबांना ते पटलं की ते नुसतेच कंटाळले, मला कळलं नाही. हो म्हणाले.

कार्यक्रमाच्या दिवशी पहाटे आम्ही समोरची पोती काढली आणि वरच्या मजल्यावर आत शिरलो. जाऊ एका टोकाला, मी दुसऱ्या. खिडकीत पाखरू दिसलं की फडकं झटकायचं. ओरडायचं नाही, असं साहेबांनी बजावलं होतं. जावेसाठी ती मोठी शिक्षा होती. खाली भाषणं सुरू झाली. जुन्या वास्तूचं जतन, असं काहीसं चाललं होतं. वर आम्ही वाकून वाकून, एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीकडे पळत होतो. एकदा साळुंकी जिद्दीला पेटली. मी फडकं झटकलं, ती उडाली, पुन्हा आली. मी उभी राहिले आणि दोन्ही हातांनी पदर फडकावला. खालच्या पहिल्या रांगेतल्या एका पाहुण्या बाईंनी वर पाहिलं. मी तशीच थिजले, पदर हातात. त्यांनी हात वर करून मला नमस्कार केला. त्यांना वाटलं असेल की मी त्यांना पाहून काही करते आहे. मीही नमस्कार केला. संध्याकाळी पोती परत चढवली तेव्हा एका कोपऱ्यात चोच मारल्याची खूण होती, बाकी सगळं जागेवर होतं.

जाऊ खाली उतरली आणि दिवसभराचं एकदम बोलली.

रंगाचा दुसरा हात वाळल्यावर मॅडम पाहणीला आल्या. त्यांनी पाण्याचा पाइप लावून खिडक्यांवर पाणी मारायला लावलं आणि आत जाऊन बोटाने कडा चाचपल्या. दोन खिडक्यांत पाणी झिरपलं. त्या पास झाल्या नाहीत. मी त्या आठवड्यात पुन्हा केल्या. मग सगळ्या पास झाल्या. मॅडमनी सही केली आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी तेल चाटू नका."

"नाई चाटत," मी म्हटलं.

आता पैसे. ठेकेदाराने खारींच्या पायी पडून फुटलेल्या जुन्या काचांचे कापले, ते मला मान्य होतं. थोडे हातावर ठेवले, ते मी लगेच ताईला पाठवले. बाकीचे "बिल निघालं का देतो" म्हणाला. पावसाळा सरत आला. पोळा आला. ताईचा फोन आला.

"झेंडूवाले विचारून राहिले. काय सांगू?"

"देतो म्हनतात, ताई."

"ते म्हनतात, तू काय म्हनतं?"

तिने फोन ठेवला. त्यानंतर तिने फोन केला नाही, आणि ते मला तिच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. ओळखीवर तिने दोन शेतकऱ्यांना थांबवून धरलं होतं, घट बसेपर्यंत. नवरात्रात घट बसले की झेंडूचा भाव हाताबाहेर जातो आणि मग कोणी थांबत नाही.

ठेकेदार फोन उचलेना. जाऊ म्हणाली, "चाल, त्याच्या घरी जाऊन असा तमाशा करतो का गल्ली गोळा होईन." मी नको म्हटलं. मला तमाशा करता आला नसता. ती करत असताना मागे उभंही राहवलं नसतं. त्या दिवशी मजुरी बुडवली, एकटीच त्याच्या घरी गेले आणि ओट्यावर बसले.

ठेकेदाराची बायको आली. "घरी नाईत," म्हणाली. मी मान हलवली आणि बसून राहिले. त्याची स्कूटर अंगणातच होती. थोड्या वेळाने त्याची म्हातारी आई काठी टेकत बाहेर आली.

"कोन बसून राहिलं वो?"

"मी आजी. खिडक्यावाली."

"कोन्त्या खिडक्या?"

मी सांगायला लागले. तिला ऐकायला कमी येत होतं, म्हणून मला मोठ्याने सांगावं लागलं. तेल, खार, पोपट, पोती, सगळं. आयुष्यात एवढ्या मोठ्याने मी कधी बोलले नव्हते. शेजारच्या बायका फाटकाशी येऊन ऐकायला लागल्या. पोपटांपाशी सगळ्या हसल्या. म्हातारी हसता हसता थांबली आणि म्हणाली, "अन मंग पैसे?"

"ते बाकी हायेत, आजी."

म्हातारीने दाराकडे तोंड करून मुलाला त्याच्या लहानपणीच्या नावाने हाक मारली. ते नाव मी लिहीत नाही. तो बाहेर आला तेव्हा कान लाल होते. आईसमोर, गल्लीसमोर, आणि घरी नसताना. म्हातारी म्हणाली, "एवढी चांगली बाई उन्हात बसली हाय, अन तू पलंगावर?"

"बिलच आलं नाई, माय."

"बिल पोटात गेलं का तिच्या?"

तो आत गेला आणि पैसे घेऊन आला. मी तिथेच मोजले. थोडे कमी होते. मी उठले नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी ओट्याच्या फरशीकडे पाहिलं. तो पुन्हा आत गेला आणि राहिलेले आणून दिले. म्हातारीने मला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

तरी ताईचे पुरे होत नव्हते. काचांचे कापलेले आणि वाया गेलेल्या घाणीच्या तेलाचे, तेवढे मी दरजांच्या मजुरीतून बाजूला काढून ठेवले होते. ते त्यात घातले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने अकोल्याला गेले.

घट बसायला थोडेच दिवस होते. जठारपेठेत ताईभोवती गिऱ्हाईक होतं. तिने मला पाहिलं पण बोलली नाही. मी टोपलीच्या बाजूला बसले आणि पैसे तिच्या मांडीवर ठेवले. ती मोजायला लागली. मध्येच कोणी हार मागितला, तिने दिला, आणि मोजणी विसरली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. पुन्हा एक बाई वेणीचा भाव विचारायला आली.

"थांबा वो बाई," ताई म्हणाली. "बहिनीचा हिशोब चालू हाय."

ती बाई थांबली. ताईने ओलं बोट लावून शेवटची नोट उलटली, मी आधी पाठवलेले मनात धरले, आणि ओठ हलवत बेरीज केली.

"पुरे हायेत," ती म्हणाली. "आता तुह्याकडं माहं काई नाई."

नोटा तिने कमरेच्या पिशवीत खोचल्या आणि झेंडूवाल्याला फोन लावला.